वावरात नसलेली गाय

यंदाही तो कागद आला. दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडली की आठवड्याच्या आत येतोच. वर मोठ्या अक्षरांत ‘अनुभवातून शिक्षण’, खाली ‘क्षेत्रभेट’ आणि ठिपक्यांच्या रेघेवर माझं नाव. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. पण वाचतो सगळं. औषधाच्या डब्यावरचं, एसटीच्या पाटीवरचं, पेपरातलं. तो कागद मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा डोकं तापलं. अनुभव म्हणे! अनुभव काय बुधवारी साडेदहाला येतो आणि साडेअकराला निघून जातो?

कागद आला तेव्हा मी सांबाराचे वाफे करत होतो. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आमच्या वऱ्हाडात सांबारच. हे दिवसच त्याचे. सोयाबीन घरात आलेलं असतं, घरोघरी अंगणात कुटाराचे ढीग पडलेले असतात आणि त्या भुशाचा कोरडा, नाकात शिरणारा वास साऱ्या गावाला असतो. तूर डोक्याला लागते, पिवळ्या फुलांवर आलेली. सकाळी धुवारी उतरली की धुऱ्यापलीकडचा, म्हणजे बांधापलीकडचा माणूस दिसत नाही, नुसता खोकल्यावरून ओळखावा लागतो. जऊळक्याकडून रेल्वेची शिट्टी येते. एरवी ती ऐकू येत नाही, या दिवसांत वाटतं गाडी आपल्याच वाफ्यातून जाऊन राहिली. मातीला हात लावला तर बोटं बधिर होतात. तोच हात वीतभर खोल घातला की आत ऊब लागते. वर गारठा आणि आत ऊब. ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही, फळ्यावर लिहून दिली नाही. हात घातला, कळली.

म्हणून गेल्या वर्षीचा हिवाळा आठवला की अजून चिडचिड होते. शाळेची होते, आणि दुसऱ्या एका माणसाची होते. त्याचं पुढं सांगतो.

गेल्या वर्षी अठ्ठावीस पोरं ओळीनं माझ्या वाडीत आली. सहावी आणि सातवी, दोन्ही वर्ग. पुढं मॅडम. बाई वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एका खोलीत दोन वर्ग, शिकवणारी एकटी, आणि हातातला मोबाईल सारखा काहीतरी मागत असतो. फोटो पाठवा, लिंक भरा, माहिती आजच्या आज द्या. त्या मोबाईलचं ऐकता ऐकता तिच्या तोंडाला कोरड पडलेली दिसली. पण म्हणून काय झालं? ज्यांच्या अंगणात कुटार पडलं आहे त्या पोरांना ओळीनं चालवत वावर दाखवायला आणायचं? त्यात एक पोरगी होती, आईबापासंगं ऊसतोडीला जाऊन आलेली. तळहाताला घट्टे. तिच्यापुढं मॅडमनी विळा धरला आणि विचारलं, ‘बेटा, याला काय म्हणतात?’ पोरगी मॅडमच्या तोंडाकडं पाहत राहिली. तिला वाटलं असेल, बाईला खरंच माहीत नाही.

‘मॅडम, मी एक वाफा ओढू?’ एकानं विचारलं.

‘नको रे, युनिफॉर्म खराब होईल.’

मला म्हणाल्या, ‘आजोबा, शेती कशी करता ते दोन मिनिटांत सांगा.’

‘दोन मिनिटात तं मी चिलीमबी भरत न्हाई, मॅडम,’ मी म्हटलं. पोरं खी-खी हसली. मॅडमही हसल्या, फोटो काढला, आणि सगळे आले तसे ओळीनं गेले. एकाच्याही पायाला चिखल लागला नाही. पाण्याचा बारा चालू होता, म्हणजे एका वाफ्याचं तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडायचं. पाणी कडेपर्यंत पोचलं की त्याचा आवाज बदलतो, तो ऐकून फावडं मारायचं असतं. अठ्ठावीस पोरांपैकी कोणाला तो आवाज ऐकू आला नाही. कारण मॅडम म्हणत होत्या, शांत बसा, लिहून घ्या.

काय लिहून घेतलं ते मला संध्याकाळी कळलं. शाळेत गेल्यावर फळ्यावर ओळी आल्या होत्या. ‘शेतात गाय होती. शेतात झोपडी होती. शेतकरीदादा आनंदाने काम करत होते.’ अठ्ठावीसपैकी सत्तावीस वह्यांत या तीन ओळी उतरल्या. माझ्या वावरात गाय नाही. चार वर्षं झाली, नाही. झोपडी नाही, टिनाचं शेड आहे, त्यात पाण्याच्या मोटारीचं स्टार्टर आहे. आणि आनंदाचं म्हणाल तर त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती.

अठ्ठाविसावी वही साक्षीची. साक्षी माझी नात, माझ्या पोराची, विलासची पोरगी, तेव्हा सातवीत. तिनं लिहिलं, ‘माझ्या आबांच्या वावरात गाय नाही. मोटार आहे. सांबार पेरण्याआधी धने वहाणेखाली रगडून फोडतात. अख्खा धना उगवत नाही.’ त्यावर लाल रेघ, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. बाजूला शेरा, ‘फळ्यावरील उत्तर लिहावे.’

दुसऱ्या दिवशी पोरीनं दप्तर खुंटीला टांगलं आणि बसली.

‘काहून वं? शाया न्हाई का आज?’ सुनेनं विचारलं.

‘मले न्हाई जाचं.’

‘ताप हाये का?’

‘न्हाई. मले जाचंच न्हाई आता.’

विलासनं पहिल्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी ओरडला, तिसऱ्या दिवशी थंड झाला. मला म्हणाला, ‘बा, गावात शाया सातवीलोकच हाये. पुढच्या साली रोज एसटीनं वाशीमले धाडा लागते. तिलेच गोडी न्हाई तं कायले ओढाताण? राहू द्या घरी.’ तेवढ्यावर गोष्ट आली होती. आमच्या गावात पोरगी एकदा सातवीतून घरी बसली की परत जात नाही. मग ती दोन वर्षं वावरात दिसते, आणि मग तिच्या लग्नाची पत्रिका दिसते.

आणि मला बरं वाटलं. खोटं कायला लिहू? मनात आलं, चला, हिला कळलं शाळेत काय ठेवलं आहे ते. मी तिसरी शिकलो, माझं काय अडलं? दोरीनं वावर मोजतो, पान चोळून रोग सांगतो, ढगाकडं पाहून फवारणी थांबवतो. आणि पोरगी हाताची मोठी साफ. मेथीची जुडी बांधावी तर तिनं.

तीन दिवस ती माझ्यासंगं वाडीत होती. तिसऱ्या दिवशी आम्ही धने फोडत होतो. आमच्याकडं याची एक रीत आहे. माझ्या बापाची एक जुनी चामडी वहाण आहे, एकच, डाव्या पायाची. ती कोणी पायात घालत नाही, कोणी ओलांडत नाही. पूजेतल्या वस्तूसारखी आढ्याला टांगलेली असते आणि वर्षातून या दिवसांतच उतरते. गोणपाटावर धने पसरायचे आणि तिच्या तळव्यानं रगडायचे, एवढंच की धन्याच्या दोन फाका व्हाव्यात, पीठ होऊ नये. जोर किती लावायचा हे मनगटालाच कळतं. आवाज येतो बारीक, कुरकुर, आणि वास असा उठतो की शिंक येते. साक्षी रगडत होती. मान खाली. मग म्हणाली,

‘आबा, अख्खा धना खरंच उगवत न्हाई?’

‘न्हाई.’

‘तुमी पेरून पाह्यला?’

‘त्यात काय पाहाचं? माह्या बानं सांगतलं. त्याच्या बानं त्याले सांगतलं.’

ती थांबली. वहाण तशीच हातात.

‘म्हंजे तुमीबी फळ्यावरूनच लिहून घेतलं.’

मी हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीवर. ती हलली नाही. हात तसाच वर राहिला आणि मला सुचेना की आता तो कुठं ठेवावा. पासष्ट वर्षं मी धने फोडतो आहे आणि हा प्रश्न मला पडला नाही. सातवीतल्या पोरीला रगडता रगडता पडला. मला कोणाचा राग आला ते आजही धड सांगता येत नाही. पण राग आला की मी चालायला लागतो, ही माझी खोड. तिला म्हटलं, ‘चाल शायेत. आत्ता. दाखवतो तुले अन् तुह्या मॅडमले.’

ज्या शाळेत तिसरीनंतर मी पाय ठेवला नव्हता, मतदानाला सोडून, तिथं मी मुठीत धने घेऊन गेलो. मॅडम खिचडीचा हिशोब लिहीत होत्या. मी धने त्यांच्या वहीवरच ठेवले.

‘मॅडम, पोरीनं लिहिलं त्यात चूक काय?’

‘आजोबा, चूक म्हणजे… तपासायला येणारे नमुना उत्तर बघतात हो. अठ्ठावीस जणांचं अठ्ठावीस तऱ्हेचं मी कसं दाखवू?’

‘माह्या वावरात गाय हाये का?’

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘नव्हती. मला दिसलं होतं.’

‘मंग जे हाय ते लिहू द्या ना पोरीले! नसलेलं कायले लिहाले लावता?’

माझा आवाज एवढा चढला की दोन्ही वर्ग खिडकीत जमा झाले. मॅडमनी एक धना उचलला, बोटांत फिरवला. ‘आणि हा अख्खा उगवत नाही, हे नक्की?’

‘काया दगडावरची रेघ.’

‘मग पेरूनच बघू,’ त्या म्हणाल्या. थकलेल्या माणसानं अचानक बाही वर करावी तसं म्हणाल्या. ‘शाळेमागं. पोरंच पेरतील. साक्षी, तू मोजशील?’

साक्षी माझ्याकडं न पाहता म्हणाली, ‘हो, मॅडम.’

दुसऱ्या दिवशी खुंटीवरचं दप्तर निघालं.

शाळेमागं दोन वाफे झाले. जाळी मी ठोकली, कोंबड्यांसाठी. पोरांनी खोदलं, आणि युनिफॉर्म खराब झाले, झालेच. कोणाची आई भांडायला आली नाही. पण पेरायच्या आधीच अर्धा तास तंटा झाला. मी म्हटलं इकडं शंभर फाका, तिकडं शंभर धने. साक्षी म्हणाली, ‘थांबा आबा, अख्ख्या एका धन्यात फाका दोन. मंग शंभरले शंभर कसे? पन्नासच पायजेत.’ कोणी म्हणालं बरोबर, कोणी म्हणालं अन्याय आहे. ऊसतोडीवाल्या पोरीनं दोन धने फोडून तळहातावर मांडून दाखवले. मॅडमनी तिथंच, मातीत काडीनं, अर्धा अधिक अर्धा लिहिलं. अपूर्णांक म्हणतात त्याला. मला तिसरीत त्याच अपूर्णांकासाठी छडी बसली होती, आणि तेव्हा तो मला काय आहे तेच कळलं नव्हतं. तो असा दोन फाकांत पडलेला असतो, हे कोणी का नाही सांगितलं? माझा हात लाल करण्यात त्या मास्तरचा जेवढा वेळ गेला, तेवढ्यात एक धना फोडून झाला असता.

मग रोज मोजणी. पोरं पाण्याच्या बाटल्या घरून भरून आणत. भिंतीच्या बाजूची ओळ आधी वाळते, का? तर दुपारी भिंत तापते. सकाळी किती थंडी होती, कागदावर लिहा. मी जाता येता जाळीपाशी थांबायचो आणि न विचारता सांगायचो. नवव्या दिवशी फोडलेल्या धन्यांच्या वाफ्यात हिरवं दिसलं. अकराव्या दिवशी अर्ध्याच्या वर आलं. दुसऱ्या वाफ्यात काळी माती, बस्स. मी पारावर सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, मेडशीच्या बाजारात ओळखीचा भेटला त्यालाही सांगितलं. मॅडमची कशी जिरवली म्हणून. वास्तविक मॅडमनी एका शब्दानं वाद घातला नव्हता.

रविवारी शाळेला कुलूप, म्हणून रविवारचं पाणी माझ्याकडं होतं. पंधरावा दिवस. मी झारी घेऊन वाकलो, आणि अख्ख्या धन्याच्या वाफ्यात मातीला चार ठिकाणी भेगा पडलेल्या. प्रत्येक भेगेतून एक वाकलेली पांढुरकी मान. एकाची तर दोन्ही पानं उघडलेली.

आता त्या दुसऱ्या माणसाचं सांगतो, ज्याची मला चिडचिड होते म्हटलं होतं.

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. शाळेचं मैदान रिकामं. लांब कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाणं लागलेलं. त्यानं दोन बोटं खाली नेली आणि चारही कोंब खुडले. काही जोर लागत नाही. मग झारीनं पाणी घातलं, दोन्ही वाफ्यांना सारखं. बोटं धोतराला पुसली. आयुष्यभर मी उगवलेलं राखत आलो, गुरांपासून, पाखरांपासून, धुवारीपासून. उगवलं म्हणून खुडायची पाळी मला कधी आली नव्हती.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत साक्षी थेट वाडीत आली. हातात वही. मी वांग्यांच्या ओळीत होतो.

‘आबा, शनिवारी अख्ख्याच्या वाफ्यात चार कोंब होते.’

मी मान वर केली नाही. ‘होते तं होते.’

‘आज न्हाईत.’

‘कोंबडीनं खाल्ले असतीन.’

‘जाळी तुमीच ठोकली.’

‘मंग पाखरानं.’

‘पाखरू माती इस्कटते. हे नखानं खुडले. देठं उभे हायेत.’

हे तिला मीच शिकवलं होतं. ती पाच-सहा वर्षांची असताना, मेथीच्या वाफ्यात बसवून, पाखराचं कसं, अळीचं कसं, माणसाचं कसं. तेव्हा किती कौतुक वाटलं होतं, पोरीची नजर बसली म्हणून.

‘शनिवारीच काहून न्हाई सांगतलं मले?’ मीच उलटा चिडलो.

‘तुमी साऱ्या गावात सांगून बसले होते. म्हटलं, मॅडम सोमवारी सगळ्याईसमोर मोजतीन, तवा समजन. मी कायले आधी तोंड खोलू?’

म्हणजे दोन दिवस ती माझी इज्जत राखत होती, आणि मी तिचे कोंब खुडत होतो.

तिनं वही पुढं केली. दर आठवड्याला पान जमा करायचं असतं, खाली पालकाची सही. विलास वाशीमला माल घेऊन गेला होता. मी वाचलं. ‘दिवस चौदावा. अख्खे धने: ४ कोंब. दिवस सोळावा: ० कोंब. आबांनी खुडले. उरलेले उगवतात का ते पाहणे चालू.’

‘“आबांनी” हे खोड,’ मी म्हटलं. ‘“कोनीतरी” लिही.’

‘कोनीतरी म्हंजे वर्गातल्या पोरायवर येईन.’

‘मंग मेले म्हन. थंडीनं मेले.’

‘थंडीनं मेले न्हाईत.’

‘अवं, मॅडम वाचतीन ना ते! साऱ्या शायेपुढं!’

‘तुमीच म्हनलं होतं मॅडमले, जे हाय ते लिहू द्या पोरीले. खिडकीतून ऐकलं सगळ्याईनं.’ तिचा आवाज चढला नाही, हेच मला लागलं. ‘शायेत नसलेलं लिहा लागते, घरीबी नसलेलं लिहा लागते. मंग कायले जाऊ मी? बसतो अथीच.’

तिनं वही धुऱ्यावर ठेवली, टोपली ओढली आणि वांगी तोडायला लागली. जशी मला हवी होती, अगदी तशी. हात साफ, देठ आखूड, एकाही वांग्याला ओरखडा नाही. दोन ओळी पलीकडं माझी नात वाकलेली होती, पुढची दोन वर्षं अशीच वाकलेली दिसली असती, आणि मला एक शब्दसुद्धा बोलावा लागला नसता. नुसतं गप्प राहायचं होतं. शाळेची घंटा झाली. वाऱ्यावर स्पष्ट आली. तिनं मान वर केली नाही. पुढचं वांगं तोडलं. त्याच्या पुढचं तोडलं.

‘पेन दे,’ मी म्हटलं.

ती आली. वही तिनं स्वतःच्या गुडघ्यावर धरली, मला टेकायला. बँकेच्या कागदावर मी एवढुशी सही करतो, आडनावाचं पहिलं अक्षर आणि एक फराटा. इथं फराटा मारवेना. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, एकेक अक्षर काढत गेलो. जागा दोन बोटांची, अक्षरं मोठी, आडनाव रेघेबाहेर गेलं.

साक्षीनं पाहिलं. ‘तारीख टाका.’

तारीख टाकली. तिनं वही छातीशी धरली आणि धुऱ्याधुऱ्यानं, चिखलाच्या पायांनी, शाळेकडं पळाली. टोपली अर्धी भरली होती. उरलेली मी भरली.